मुलांना सोबत घेऊन घरचा ब्रेड: शनिवारी भाजा, रविवारी मिसळीबरोबर खा

घरचा ब्रेड बिघडला की दोष ओव्हनला दिला जातो. खरं तर बिघाड बहुतेक वेळा ओव्हन लावायच्या आधीच झालेला असतो. कडकडीत दुधात यीस्ट मेलेलं असतं, हाताला चिकटतंय म्हणून मूठ-मूठ मैदा वाढत गेलेला असतो, किंवा पीठ फुगलेलं नसताना ‘एक तास झाला’ म्हणून पुढची पायरी घेतलेली असते. मुलं सोबत असली की या तिन्ही चुका हमखास होतात, कारण मोठ्यांचं निम्मं लक्ष सांडलवंड आवरण्यात जातं. म्हणून खालचा क्रम मुलं स्वयंपाकघरात आहेत असं धरूनच लावला आहे. तो बदलू नका. प्रमाण थोडं इकडेतिकडे झालेलं चालतं, क्रम चुकलेला चालत नाही.

दिवस शनिवारचा धरा. शाळा सकाळची असते, दुपार मोकळी मिळते. अडीचला सुरुवात केली तर सहाच्या सुमारास ब्रेड भाजून होतो, रात्रभर नीट निवतो आणि रविवारी सकाळी मिसळीसाठी स्लाइस तयार. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइसच लागतो, आणि कटात बुडवल्यावर न विरघळणारा स्लाइस ताज्या ब्रेडचा कधीच होत नाही. तो आदल्या दिवशीचाच लागतो.

साहित्य आणि वजनं

८ इंच लांब, ४ इंच रुंद आणि ४ इंच खोल अशा एका साच्यासाठी:

- मैदा ३५० ग्रॅम
- दूध १२० मिली (तापवून निवलेलं, साय काढलेली)
- पाणी १०५ मिली
- साखर २० ग्रॅम
- लोणी किंवा बटर २५ ग्रॅम, मऊ झालेलं
- बारीक मीठ ६ ग्रॅम, म्हणजे सपाट १ छोटा चमचा
- इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, म्हणजे सपाट सव्वा छोटा चमचा. एप्रिल-मे महिन्यात सपाट १ चमचाच घ्या.

चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा, चहाचा नव्हे. मैदा मात्र वाटीने मोजू नका. एकाच वाटीत चेपून भरलेल्या आणि हलक्या हाताने भरलेल्या मैद्यात २५-३० ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि दोन-तीन वाट्यांमागे तेवढा फरक ब्रेड दगड करायला पुरतो. घरात छोटा डिजिटल काटा असला पाहिजे. उलट यीस्टसारखी ३-४ ग्रॅमची वस्तू स्वयंपाकघरातला काटा नीट दाखवत नाही, तिथे चमचाच बरा.

गव्हाचं पीठ घालायचं असेल तर ३५० पैकी १०० ग्रॅमपर्यंत घाला आणि पाणी १५ ते २० मिली वाढवा. गिरणीच्या पिठात कोंडा असतो, तो पिठाच्या चिवट जाळीला कापत जातो आणि पाणीही जास्त पितो. खपली गहू आपल्या भागात आवडीने खाल्ला जातो, खीर त्याचीच उत्तम. पण त्याचा चिवटपणा कमजोर असतो, त्यामुळे पहिल्या ब्रेडला तो घेऊ नका.

साखरेऐवजी गूळ हवा असेल तर २५ ग्रॅम गूळ कोमट पाण्यात विरघळवा, फडक्यातून गाळा, पूर्ण निवू द्या आणि मगच दुधात मिसळा. गरम दुधात गूळ टाकला तर दूध फाटतं. गुळाचा ब्रेड लवकर काळपटतो, म्हणून ओव्हन १० अंशांनी कमी ठेवा.

टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

यीस्टची परीक्षा शुक्रवारी रात्रीच घ्या. अर्धा चमचा यीस्ट, अर्धा चमचा साखर आणि ५० मिली कोमट पाणी एका ग्लासात ढवळून ठेवा. १०-१२ मिनिटांत वर फेसाचा जाड थर आला तर यीस्ट जिवंत आहे. नुसते चार बुडबुडे आले तर ती बाटली टाकून द्या. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली दोन-तीन आठवड्यांतही निकामी होऊ शकते. उघडल्यावर यीस्ट घट्ट झाकणाच्या डबीत, फ्रीझरमध्ये ठेवायचं.

पाकिटावर ‘अॅक्टिव्ह ड्राय’ लिहिलं असेल तर ते इन्स्टंट नव्हे. ते आधी कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवावं लागतं आणि साधारण पाव हिश्शाने जास्त लागतं.

टप्पा २: मुलांना हाक मारायच्या आधी

सगळं मोजून वेगवेगळ्या वाट्यांत मांडा. मुलांसमोर मोजत बसलात तर पहिल्या दहा मिनिटांतच त्यांचा उत्साह संपतो आणि मळायच्या वेळी ती अंगणात असतात. मीठ आणि साखर सारख्या वाट्यांत असली तर अदलाबदल होतेच, म्हणून मिठाला वेगळ्या रंगाची वाटी द्या.

एक नियम मुलांना सांगा: वाटीतला जिन्नस पिठात गेला की वाटी ओट्यावर पालथी घालायची. शेवटी एखादी वाटी सुलटी दिसली तर काय राहिलं ते लगेच कळतं. मीठ विसरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. मीठ नसेल तर पीठ भराभर फुगतं, ढिलं पडतं आणि ब्रेड पांचट लागतो.

कामं वयाप्रमाणे वाटून टाका. बालवाडीतल्या मुलाला वाट्या ओतणं, ढवळणं आणि फुगण्यावर लक्ष ठेवणं. दुसरी ते पाचवीतल्यांना मळणं, गोळे करणं, वजन करणं. त्यापुढची मुलं पाण्याचं तापमान बघू शकतात, ब्रेड वळू शकतात, गार झाल्यावर कापू शकतात. ओव्हनचं दार उघडणं आणि साचा बाहेर काढणं हे काम कोणत्याच वयाच्या मुलाचं नाही.

जपा: नखं कापलेली, हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले, केस बांधलेले, अंगठ्या-दोरे काढलेले. कच्चं पीठ तोंडात घालायचं नाही, हे आधीच बजावा. कच्च्या मैद्यातले जंतू भाजल्याशिवाय मरत नाहीत, आणि यीस्टचं पीठ पोटात गेलं तर तिथेही फुगतं.

टप्पा ३: कालवणं (अडीच वाजता)

दूध आणि पाणी एकत्र करा. किती कोमट, हे ऋतूवर ठरतं. मळून झालेलं पीठ २६-२७ अंशांच्या आसपास राहावं, एवढंच साधायचं आहे. डिसेंबर-जानेवारीत मिश्रण ३८-४० अंश घ्या. पावसाळ्यात जेमतेम कोमट. एप्रिल-मेमध्ये माठातलं पाणी आणि फ्रिजमधलं दूध, दोन्ही थंडच. उन्हाळ्यात सवयीने कोमट दूध घेतलं की पीठ अर्ध्या तासात उतू जातं आणि ब्रेडला आंबूस वास येतो.

तापमापक नसेल तर एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाका. बाळाचं दूध तपासतो तसंच. चटका सोडाच, ‘गरम’ वाटलं तरी थांबा. ५५-६० अंशांवर यीस्ट मरतं आणि मेलेलं यीस्ट कोणत्याही उपायाने उठत नाही.

मोठ्या परातीत मैदा, साखर आणि यीस्ट मुलांना हाताने मिसळू द्या. दूध-पाणी ओता, पण २० मिली मागे ठेवा. जुलैतल्या दमट हवेतला मैदा मुळातच ओलसर असतो, त्याला तेवढं लागतही नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. मीठ आणि लोणी अजून घालायचं नाही.

आता परात ताटाने झाकून २० मिनिटं सोडून द्या. मुलांबरोबर काम करताना हीच पायरी सगळ्यात मोलाची आहे, आणि लोक नेमकी हीच गाळतात. या वेळात मैदा पाणी पितो आणि पिठातला चिवटपणा, म्हणजे ग्लुटेन, आपोआप जुळू लागतो. मोठ्या माणसाला एरवी १५ मिनिटं मळायला लागतं ते काम निम्म्यावर येतं. लहान हातांना तेवढंच झेपतं.

टप्पा ४: मळणं

मीठ घाला, दोन मिनिटं मळा. मग लोणी दोन-तीन भागांत घाला. लोणी सुरुवातीलाच घातलं तर ते मैद्याच्या कणांना तुपकट करतं आणि चिवटपणा येत नाही. लोणी घातल्यावर पीठ फाटल्यासारखं, घसरडं होतं. घाबरू नका, तीन-चार मिनिटांत ते पुन्हा एकजीव होतं.

आपल्याकडे हात चपातीच्या कणकेला सरावलेला असतो. चपातीची कणीक मुठीने तिंबतात, दाबतात. ब्रेडचं पीठ ओढायचं असतं: तळव्याच्या खालच्या भागाने पुढे ढकला, ताणा, परत आपल्याकडे दुमडा, पाव वळसा फिरवा, पुन्हा ढकला. नुसतं तिंबून केलेला ब्रेड खाताना केकसारखा भुगा होतो. मुलांना दाखवताना ‘ढकल, दुमड, फिरव’ एवढेच तीन शब्द पुरतात. एकेका मुलाने ३-४ मिनिटं मळायचं, मग दुसऱ्याने. मोठ्यांनी शेवटची ५ मिनिटं.

पीठ किती सैल असावं? चपातीच्या कणकेपेक्षा सैल, पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. सुरुवातीला चिकटणारच. इथे सुका मैदा भुरभुरायचा मोह होतो आणि मुलं तर मूठभर आणून टाकतात. म्हणून मैद्याचा डबा आधीच कपाटात परत ठेवा. हात चिकटत असतील तर बोटांना पाण्याचा नाहीतर तेलाचा हलका हात लावा.

तपासा: लिंबाएवढा गोळा घ्या आणि दोन्ही हातांच्या बोटांवर हळूहळू ताणा. न फाटता पातळ पडदा झाला आणि खिडकीसमोर धरल्यावर पलीकडची बोटं दिसली, तर मळणं पुरे. लगेच फाटला तर आणखी तीन मिनिटं. ही तपासणी मुलांकडूनच करवून घ्या, त्यांना ती फार आवडते.

टप्पा ५: पहिलं फुगणं

घड्याळ भिंतीवर राहू द्या. सुमारे ३० ग्रॅम पीठ एका सरळ, काचेच्या अरुंद ग्लासात चेपून बसवा, वरचा भाग सपाट करा आणि तिथे रबर लावा. दुसरं रबर बरोबर दुप्पट उंचीवर लावा. उरलेलं पीठ तेलाचा हात लावलेल्या पातेल्यात, झाकून. ग्लास आणि पातेलं शेजारी-शेजारी ठेवा, म्हणजे दोन्हींना सारखीच ऊब मिळेल. ग्लासातलं पीठ वरच्या रबराला टेकलं की पातेल्यातलंही झालं. गोल पातेल्यात ‘दुप्पट’ नजरेने ओळखणं मोठ्यांनाही जमत नाही, ग्लासात सहा वर्षांच्या मुलालाही दिसतं. शिवाय मुलं पातेल्याचं झाकण उघडून बोटं खुपसायची थांबतात, कारण पाहण्यासाठी त्यांच्याकडे ग्लास असतो.

अंदाज म्हणून: मे महिन्यात ४५-५० मिनिटं, पावसाळ्यात तास ते सव्वा तास, डिसेंबरमध्ये दीड ते दोन तास. थंडीत पातेलं बंद ओव्हनमध्ये ठेवा आणि शेजारी वाटीभर कडकडीत पाणी. ओव्हन चालू करायचा नाही, आणि आत पातेलं आहे याची चिठ्ठी बटणावर चिकटवा.

जपा: पातेलं उन्हात किंवा गॅसच्या शेगडीशेजारी ठेवू नका. एका बाजूने गरम झालेलं पीठ एका बाजूनेच आंबतं.

टप्पा ६: गोळे करणं आणि साच्यात भरणं

एकच मोठी वळकटी करायला मुलांना अवघड जाते. त्याऐवजी चार गोळे करून एका रांगेत साच्यात लावा. फुगताना ते एकमेकांना चिकटतात, स्लाइसही नीट पडतात, आणि कोणता गोळा कुणाचा हे शेवटपर्यंत ओळखू येतं.

ग्लासातलं पीठ काढून मुख्य पिठात मिसळा. हवा दाबून काढा. मोठे बुडबुडे राहिले तर वरच्या पापुद्र्याखाली पोकळी राहते. सगळं पीठ भरेल साधारण ६२० ते ६३० ग्रॅम. त्याचे काट्यावर तोलून चार सारखे भाग करा, दीडशे-एकशेपंचावन्न ग्रॅमचे. भागाकार मुलांना करू द्या.

प्रत्येक भाग थापून आयत करा, दोन्ही कडा मध्ये दुमडा आणि खालून वर घट्ट गुंडाळा. शेवटची कड चिमटीने मिटवा. ही शिवण साच्यात खालच्या बाजूलाच हवी, वर आली तर भाजताना उकलते. ओट्यावर मैदा भुरभुरू नका, तेलाचं बोट पुरे. कोरड्या मैद्यामुळे घड्या एकमेकांना चिकटत नाहीत.

साच्याला कोपऱ्यांपर्यंत लोणी लावलेलं हवं. हे काम आधीच एखाद्या मुलाला देऊन ठेवा.

टप्पा ७: दुसरं फुगणं आणि ओव्हन तापवणं

साचा ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने झाका. फडकं पिठाला टेकू देऊ नका, उचलताना साल निघते. मे महिन्यात २५-३० मिनिटं, एरवी ४०-५०, थंडीत तासभर.

या टप्प्यात सगळे थांबतात आणि पीठ पूर्ण फुगल्यावर ओव्हन लावतात. ही क्रमाची सर्वांत महागडी चूक आहे. ओव्हन तापायला १५ मिनिटं जातात, तेवढ्यात उन्हाळ्यातलं पीठ अतिफुगून भाजताना खाली बसतं. पीठ काठापासून दोन बोटं खाली असतानाच ओव्हन १९० अंशांवर, वरखालचे दोन्ही रॉड लावून तापवायला घ्या.

तपासा: मैदा लावलेलं बोट हलकेच अर्धा सेंटिमीटर दाबा. खळगा पटकन भरला तर अजून वेळ आहे. हळूहळू, अर्धवट भरला तर आत ढकला. भरलाच नाही तर उशीर झाला आहे, लगेच भाजा.

टप्पा ८: भाजणं

साचा खालच्या जाळीवर ठेवा. लहान ओव्हनमध्ये वरचा रॉड फार जवळ येतो, म्हणून २० मिनिटांनी वर अॅल्युमिनियमची फॉइल सैल झाका. एकूण ३२ ते ३५ मिनिटं. पहिली २० मिनिटं दार उघडू नका. मुलांसाठी ओव्हनसमोर तीन फरश्या सोडून खडूने रेघ मारा, बघायचं ते रेघेच्या अलीकडून. मध्येच लाईट गेली तर दार बंदच ठेवा. दहा मिनिटांत परत आली तर ब्रेड सहसा वाचतो, गेला तेवढा वेळ शेवटी वाढवा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या. तळाला बोटभर मीठ किंवा वाळू, त्यावर स्टँड, घट्ट झाकण आणि मध्यम आचेवर १२ मिनिटं तापवणं. लांबट साचा त्यात बसत नाही, ७ इंची गोल डब्यात नव्वद-नव्वद ग्रॅमचे ७ गोळे फुलासारखे लावा. मंद-मध्यम आचेवर ३५-४० मिनिटं. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रिंग काढून. नॉनस्टिक भांडं रिकामं तापवायचं नाही. असा ब्रेड वरून पांढुरका राहतो. लोणी लावलेल्या तव्यावर मिनिटभर पालथा घातला की रंग येतो.

तपासा: मोठ्यांनी ब्रेड साच्यातून काढून तळाला टिचकी मारावी. पोकळ आवाज आला आणि बाजूंनाही रंग असेल तर झाला. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर मध्यभागी ९३ अंश. आणखी एक सोपी खूण वजनाची: ६२० ग्रॅमचं पीठ भाजून ५६० ग्रॅमच्या आसपास उतरतं. ५९० भरलं तर आत पाणी आहे, पुन्हा ५ मिनिटं.

टप्पा ९: निवणं आणि कापणं

पाच मिनिटांच्या आत साच्यातून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर वाफेने तळ ओला होतो. निदान एक तास कापायचा नाही. आतला स्टार्च अजून बसत असतो; गरम ब्रेड कापला की सुरीला चिकट लगदा लागतो आणि लोक त्याला ‘कच्चा राहिला’ म्हणतात. मुलांना तेवढा धीर धरवत नसेल तर कडेचा एक गोळा हाताने तोडून द्या, बाकीचे तीन शाबूत ठेवा.

पूर्ण निवल्यावर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. कोमट असताना प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर जुलैत दुसऱ्या दिवशी बुरशी दिसू शकते.

काय बिघडलं, ते कसं ओळखायचं

माथा खचला आणि भोकं मोठी: दुसरं फुगणं जास्त झालं. पुढच्या वेळी यीस्ट नव्हे, वेळ कमी करा.

एका बाजूने फाटला: फुगणं कमी पडलं, किंवा शिवण वर राहिली.

तळाशी ओला, दाट पट्टा: भाजणं अपुरं, नाहीतर साच्यातच निवू दिला.

स्लाइस भुगा होतो: मैदा वाढला किंवा मळणं कमी. पडद्याची तपासणी गाळलेली असते.

यीस्टचा उग्र वास: यीस्ट जास्त किंवा फार गरम जागेत फुगवलं. ‘लवकर व्हावं’ म्हणून यीस्ट दुप्पट करण्याचा हा परिणाम.

उन्हाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिकल्या फळासारखा वास आला आणि तोडताना आत चिकट तार धरली, तर तो ब्रेड भाजूनही खाऊ नका, सरळ टाका. मैद्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू भाजण्यातूनही तगतात आणि उष्ण हवेत वाढतात. एप्रिल-मेमध्ये दूध-पाण्यात एक छोटा चमचा व्हिनेगर घातला तर हा धोका कमी होतो. चवीत कळत नाही.

रविवारी सकाळी

दातेरी सुरीने, न दाबता, करवतीसारखं पुढे-मागे करत बोटाच्या निम्म्या जाडीचे स्लाइस पाडा. सहावी-सातवीतल्या मुलाला हे जमतं, मात्र ब्रेड धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवलेली हवीत. मिसळीसाठी स्लाइस भाजू नका, कट आत शिरत नाही. उरलेले स्लाइस फ्रिजमध्ये नको, तिथे ते बाहेरपेक्षा लवकर शिळे होतात. दोन-दोनच्या जोड्या करून फ्रीझरमध्ये टाका आणि मुलांच्या डब्यासाठी सकाळी थेट गरम तव्यावर घाला.